ठोंब्याच्या नावावरचं गाव

४ जून

चि. टकळीस,
बहिऱ्या मामाचे पोटभर आशीर्वाद.

तुझा फोन येऊन गेला म्हणे. मामी रिसीव्हर माझ्या कानाशी धरून उभी होती, पण मला नुसती माशी घोंगावल्यासारखं ऐकू आलं. कानातलं यंत्र घातलं की भांडी मोठ्याने वाजतात आणि माणसं होती तिथेच राहतात, म्हणून ते डबीत ठेवून दिलंय. तेव्हा बाई, पत्रच लिहीत जा. गुपितं मात्र लिहू नकोस, कारण मी वाचतो मोठ्याने आणि लिहितानाही बोलतो. मामी म्हणते, टकळीच्या घरी काय चाललंय ते अख्ख्या जिन्याला पाठ झालंय.

आता कामाचं. आमचा पोरगा ठोंब्या गेल्यापासून त्याच्या नावावरचं एकेक मार्गी लावतोय. बँक झाली, विमा झाला, स्कूटर झाली. घराचं वीज मीटर त्याच्या नावावर आहे, त्याचा अर्ज भरून खणात ठेवलाय, या महिन्यात नेऊन देईन. तुला ठाऊकच आहे, वीज कचेरीत माझा सगळा जन्म नावबदलाच्या खिडकीवर गेला. गेलेल्या माणसाच्या नावावर काही ठेवायचं नाही, पुढे वारसांची फरफट होते. एक बाई अजून आठवते. नवऱ्याचं नाव काढायला काही केल्या तयार होईना. म्हणे, बिल वाटणारा दारात त्यांच्या नावाने हाक मारतो, तेवढं तरी राहू द्या. तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, नियम समजावून सांगितला आणि नाव बदलून दिलं. काम म्हणजे काम.

तर आता राहिलाय तो त्याचा खेळ. तू ज्या कंपनीत तक्रारी ऐकतेस, तिच्याच ऑनलाइन दुकानातून त्याने तो विकत घेतला होता. गाव वसवायचा खेळ. रस्ते, घरं, पाणी त्याचं आणि वीज माझी, अशी वाटणी होती. दिवसभर लोकांच्या लिफ्टी दुरुस्त करून यायचा, जेवायचा, आणि आम्ही दोघं त्या संगणकाच्या खोक्यापुढे बसायचो. मला ऐकू येत नाही आणि तो मुळातच मुखदुर्बळ, म्हणून तर ठोंब्या. तिथे बोलावं लागत नसे. त्याने बोट दाखवायचं, मी तिथे खांब रोवायचा. जाण्याआधी त्याने टेकडीवर एक नवी आळी बांधली होती. तिथवर लाइन न्यायची राहून गेली. आता रोज दिवेलागणीला बसून थोडी थोडी पुढे नेतोय. गावात अंधार झाला की तिथले लोक घरं सोडून जातात, असा त्या खेळाचा नियमच आहे. आपल्या गावातून अजून एकही घर गेलेलं नाही.

ते खातं माझ्या नावावर करून घ्यायला अर्ज कुणाला लिहायचा, तेवढं कळव.

तुझा,
मामा


९ जून

चि. टकळी,

तुझ्या उत्तराची वाट पाहिली नाही, रागावू नकोस. म्हटलं पोरीला कशाला आपल्या कामात गुंतवायचं, उद्या कुणी म्हणेल मामाचं काम पुढे सरकवलं. खालच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंनी सगळं करून दिलं. मृत्यूचा दाखला जोडला, माझं ओळखपत्र जोडलं, खेळ घेतल्याची पावती जोडली. पावतीवर 'खरेदी' असा शब्द स्वच्छ आहे. अर्ज कसा असावा हे तुमच्या कंपनीला माझ्याकडून शिकता येईल!

पाठवल्या पाठवल्या पोच आली. आमच्या कचेरीत पोचेला पंधरवडा लागायचा. चांगली कंपनी आहे तुमची.

मामीला सांगितलं. खोक्याचं नाव काढलं की ती स्वयंपाकघरात जाते. पाहुणे आले की त्याच्यावर चादर टाकते. तिला त्या गावात काही गोडी नाही, आणि असं का म्हणून मी विचारत नाही.

टेकडीला अर्ध्यावर आलोय. मोठा ट्रान्सफॉर्मर बसवावा लागला, जुन्यावर लोड पेलत नव्हता. ठोंब्या असता तर म्हणाला असता, बाबा, उगाच मोठा घेतलात. म्हणजे बोलला नसताच, नुसतं हसला असता.

मामा


१० जून

मामा,

हे पत्र हातात पडेल तेव्हा जे काही करत असाल ते तिथेच सोडा आणि आधी हे वाचा. मनात वाचा!

आमच्याकडे कसलाही अर्ज पाठवू नका. दाखला नको, पावती नको, काही नको. दादाचा पासवर्ड तुम्हाला माहीत आहे ना? मग गुपचूप वापरत राहा. इथे कुणी चौकशीला येत नाही. माझ्याशेजारी बसणारा मुलगा अजून आजोबांच्या खात्यावर बुद्धिबळ खेळतो, आणि ते गेले तेव्हा तो शाळेत होता.

मामा, आमच्या दुकानात बटणावर 'विकत घ्या' लिहिलेलं असतं, पण विकत असं काही मिळतच नाही. मिळते ती वापरायची परवानगी. तीही त्या एका माणसाला, तो असेपर्यंत. माणूस गेल्याचं कळलं की खातं बंद करायचं, असं आमच्या नियमात लिहिलंय. ते कुणी वाचत नाही, सगळे खाली खाली सरकवून 'मान्य' दाबतात. दादानेही दाबलं असणार. मीही दाबलंय, आणि मी तर तिथे पगार घेते.

तुमचं पत्र आज मिळालं आणि लगेच मामीला फोन लावला. ती म्हणाली, त्या खोक्याचं माझ्यापुढे काढू नकोस, आणि ठेवून दिला. म्हणून हे पत्र जलद टपालाने टाकतेय.

खिडकीवरच्या साहेबांना या एका वेळी रजा द्या. तळ्याकाठचं पिवळं घर माझं आहे, ठाऊक आहे ना? दादाने मला दिलं होतं, आणि वर प्रत्येक फोनला भाडं मागायचा मेला. माझ्या घरात अंधार करू नका.

तुमची,
टकळी


१७ जून

चि. टकळी,

तुझं जलद टपाल आठवड्याने पोचलं, तेव्हा खातं बंद होऊन दोन दिवस झाले होते.

संध्याकाळी नेहमीसारखा बसलो. पासवर्ड घातला तर काळ्या पडद्यावर तीन ओळी आल्या. मास्तरीणबाईंकडून उतरवून घेतल्यात: 'आपल्या घरातली एक जागा रिकामी झाली, याचं आम्हाला मनापासून वाईट वाटतं. खातं वैयक्तिक असल्याने ते दुसऱ्या कुणाच्या नावे करता येत नाही. आजपासून ते बंद करण्यात येत आहे.' मी पुन्हा पासवर्ड घातला, मग पुन्हा. म्हटलं आपलंच बोट चुकत असेल.

मला तुमचा नियम कळला नाही असं नाही, पण पटलेला नाही. आमच्याकडेही मीटर कंपनीचं असतं, गिऱ्हाइकाचं नसतं. ते काढून न्यायचा कंपनीला हक्क आहे. पण म्हणून कुणी घरातले दिवे, पंखे, भिंतीवरचं घड्याळ उचलून नेतं का? खेळ तुमचा असेल, मान्य. पण गाव आम्ही वसवलं. तळं त्याने खणलं, खांब मी रोवले. ते कुठल्या कलमाखाली तुमचं झालं, एवढं तुमच्या साहेबांना विचार. आणि परवानगीच द्यायची होती तर बटणावर 'परवानगी घ्या' का नाही लिहिलं? मी खिडकीवर बसून एक शब्द जरी असा फिरवून लिहून दिला असता, तर लोकांनी माझी गचांडी धरली असती.

एक मात्र सांगतो. 'घरातली एक जागा रिकामी झाली' हे ज्याने लिहिलंय, तो माणूस बरा असावा. बाकी सगळ्यांनी आम्हाला 'तीव्र दुःख' म्हणून पाठवलं. जागा रिकामी झाली असं कुणी म्हटलं नव्हतं.

टेकडीवरची आळी अंधारातच राहिली. दोन खांब उरले होते.

मामा


२२ जून

मामा,

तुमचं पत्र घेऊन कंपनीच्या जिन्यात बसले होते. आमच्या साहेबीणबाई खाली येत होत्या, त्यांनी विचारलं, मग त्याही पायरीवर बसल्या.

आधी एक सांगते. ते 'जागा रिकामी'चं वाक्य माझं आहे. गेल्या वर्षी मला सांगितलं होतं, तुझी भाषा बरी आहे, माणूस गेलेल्यांच्या घरी पाठवायचा मजकूर तू लिही. मी तीन-चार वाक्यं लिहिली आणि दादालाच वाचायला पाठवली. त्याचं उत्तर काय आलं असेल? 'जागा रिकामी ठेव. बाकी गोड आहे, काढ.' एवढंच. म्हणून ते वाक्य राहिलं, मामा. ते त्याने निवडलं होतं. आता ते यंत्र आपोआप पाठवतं. तुम्हाला गेलं तेव्हा मी शेजारच्याच टेबलावर कुणाचा तरी हरवलेला पासवर्ड शोधून देत होते.

तुमचा मीटर आणि दिव्यांचा मुद्दा मी साहेबीणबाईंना जसाच्या तसा वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, बरोबर आहे मामांचं, पण हे वर कुणी ऐकत नाही. मीही भांडून पाहिलं. वरच्यांनी मला नियमाचा तोच कागद पाठवला, जो मी रोज लोकांना पाठवते.

पण एक वाट आहे. बंद झालेलं खातं महिनाभर पुसत नाहीत. पंधरा जुलैपर्यंत तुमचं गाव आहे तसं आहे, फक्त कुलपात. घरच्या माणसाने आपल्या हाताने लिहून सही करून कळवलं की, 'आधीची सूचना चुकून दिली गेली, खातेदार हयात आहे,' तर ते पुन्हा उघडतात. दाखल्यावर कुणी दोनदा बघत नाही. साहेबीणबाई म्हणाल्या, पत्र आलं तर मी स्वतः उघडून देईन, आणि पुढे मला काही आठवणार नाही.

तुमच्या सहीचा एक कागद, मामा. मला माहीत आहे तुम्ही कसे आहात. आईने सांगितलंय, बदलीसाठी खोटं दुखणं लिहायला सांगितलं तेव्हा तुम्ही दोन वर्षं लांबच्या कचेरीत एकटे राहिलात. पण यात कुणाचं काय जातंय? कुणाचं घर लुबाडतोय का आपण? आपल्याच घरात परत जायचंय.

लवकर पाठवा.

तुमची,
टकळी


२९ जून

चि. टकळी,

तुझं पत्र चार दिवस उशाखाली ठेवलं. मग काल दुपारी बसलो लिहायला.

तू म्हणशील मामा तत्त्वाचा हट्ट धरून बसला. तसं नाही गं. त्या गावासाठी मी खोटं लिहिणार होतो. पेन्शनसाठी दरवर्षी बँकेत जाऊन मी स्वतः जिवंत असल्याचं लिहून देतोच, तसंच हे, अशी मनाची समजूत घातली. कोरा कागद घेतला, समास सोडला. तुमचा 'खातेदार' शब्द मला काही लिहवेना, म्हणून साधं लिहायला घेतलं. माझा मुलगा जिवंत आहे. आधी कळवलं ते चुकीने कळवलं.

आणि मी लिहिताना बोलतो, हे मी विसरलो.

स्वयंपाकघरात मामी भांडी घासत होती. मला काही ऐकू आलं नाही. मान वर केली तर दारात ती उभी. हात राखेने माखलेले, कोपरापर्यंत पाणी ओघळतंय. आणि तिचा चेहरा, टकळी. ठोंब्या दवाखान्यात होता तेव्हा, डॉक्टर बाहेर येऊन काही बोलायच्या आधी, तिचा असा चेहरा झाला होता. क्षणभर तिला खरंच वाटलं. तो जाळला गेला हे तिला ठाऊक नाही का? माझ्याइतकंच ठाऊक आहे. तरी घासतं भांडं टाकून धावत आली ती.

मग तिने टेबलावरचा कागद पाहिला. मी पेन खाली ठेवलं. ती खाली बसली, आणि मग तिचे खांदे हलायला लागले. तो गेल्यापासून ती माझ्यासमोर रडली नव्हती. मला वाटायचं बाईचं काळीज घट्ट आहे.

कागद फाडला. तो पाठवला तर तुम्ही पोच पाठवाल, पुन्हा काही विचाराल, मला पुन्हा लिहावं लागेल आणि माझं तोंड काही बंद राहायचं नाही. तिला ते वाक्य मी पुन्हा ऐकवू शकत नाही. गाव गेलं तर जाऊ दे.

मामा


५ जुलै

मामा,

समजलं. फाडलात ते बरं केलंत.

साहेबीणबाई दोनदा विचारून गेल्या, आलं का पत्र. दुसऱ्यांदा मी नाही म्हणून मान हलवली तेव्हा त्यांनी माझ्या टेबलावर चहा ठेवला आणि गेल्या.

पंधरा तारखेपर्यंत मी रोज एकदा दादाच्या खात्याची नोंद काढून बघत राहीन. आत शिरता येत नाही, नुसतं दिसतं की आहे. नोंदीत गावाचं नाव लिहायची जागा असते. दादाने तिथे काहीच लिहिलेलं नाही. मला वाटलं होतं, निदान गावाला तरी त्याने काही नाव दिलं असेल.

मामीला माझा नमस्कार सांगा. तिला म्हणावं, खोक्याबद्दल मी आता काही बोलणार नाही. नुसती बोलायला फोन करेन.

टकळी


१८ जुलै

चि. टकळी,

पंधरा तारीख गेली. तू नोंद बघितली असशील. मला कळवू नकोस.

त्या संध्याकाळी मी नेहमीच्या वेळी खोक्यासमोर जाऊन बसलो. खोकं बंदच होतं. सवयीने बसलो, एवढंच. मामी येऊन ठोंब्याच्या खुर्चीवर बसली. त्या खुर्चीत कुणी बसत नव्हतं. मला म्हणाली, सांगा. मला पहिल्यांदा कळलंच नाही, काय सांगू? तिने हाताने खूण केली, ते गाव. मग सांगितलं सगळं. स्टेशन कुठे, शाळा कुठे, तळं त्याने दोनदा बुजवून दोनदा का खणलं, तुझं पिवळं घर, तू भाडं कधी दिलं नाहीस तेही. ती माझ्या कानाशी तोंड आणून विचारत राहिली. शाळेला मैदान होतं का? बाजारात सावली होती का? त्याने स्वतःचं घर कुठे बांधलं होतं? मी म्हटलं, टेकडीवर, वरच्या अंगाला. तिने विचारलं, तिथे दिवे लागले होते का? मी म्हटलं, नाही. दोन खांब राहिले होते. मग उठून तिने खोक्यावरची चादर काढली, झटकली, घडी करून कपाटात ठेवली.

इतके महिने मी समजत होतो तिला त्या खोक्याचा राग आहे. तिला आत यायचं होतं, आणि आम्ही दोघं पाठमोरे बसलेलो असायचो.

आता शेवटचं, आणि हे वाचून तुला हसू आलं तर हस. परवा मी मीटरचा अर्ज खणातून काढला. म्हटलं एवढं एक राहिलंय, उरकून टाकू. चपला घालत होतो. मामीने विचारलं कुठे निघालात. कागद दाखवला. ती म्हणाली, राहू द्या. मी म्हटलं, अगं नियम आहे. ती म्हणाली, राहू द्या! मोठ्याने ओरडली असणार, कारण मला दोन्ही वेळा ऐकू आलं. मी चपला काढल्या. नावबदलाच्या खिडकीवरचा माणूस, आणि स्वतःच्या घरचा अर्ज फाडून केराच्या डब्यात टाकला. माझ्या जुन्या कचेरीतलं कुणी भेटलं तर सांगू नकोस, हसतील.

आज बिल आलं. बिल वाटणारा जिन्यातूनच नाव पुकारत येतो. मला काही ऐकू येत नाही, पण मामी हातातलं सोडून लगबगीने उठली तेव्हा मला कळलं. दार उघडून त्याच्याशी काहीतरी बोलली, कागद घेऊन आत आली आणि बिलाची घडी न घालता ते देवघराशेजारी ठेवलं. मी विचारलं, काय म्हणत होता?

म्हणाली, त्याचं नाव घेऊन विचारत होता, आहेत का घरात. मी म्हटलं, बाहेर गेलाय, माझ्याकडे द्या.

तुझा,
मामा